पिल्लांचा रकाना

अबुधाबी
१४ ऑक्टोबर २०००

बाबाजीदादास,

नमस्कार हवा असेल तर माझ्या वतीने स्वतःच घालून घे. ऑफिसच्या कागदावर लिहितोय, आणि कुणी येऊन पाहायच्या आत पत्र संपवायचंय.

तू बेटावर पोचलास हे आमच्या ड्रायव्हरने, खैरुद्दीनने सांगितलं. आठवड्याला पाणी आणि भाजी घेऊन तो जेटीवर येतो, त्याच्याच पिकअपमधून हे पत्र. तिथे मोबाईलला रेंज नाही, आणि बोटीच्या वायरलेसवर बोलावं तर आमचं अख्खं ऑफिस कान लावून बसतं. तेव्हा आपण दोघे मावसभाऊ एकाच देशात राहून एकमेकांना पत्रं लिहू. घरी कळलं तर हसतील.

नोकरी लावून दिली म्हणून माझे उपकार मानू नकोस. करारात तुझं नावच नाही. तो मीच टाइप केलाय. त्यात लिहिलंय : 'फायबरची बोट, नग एक, चालकासह.' इंजिन किती ताकदीचं ते आहे, जॅकेट किती ते आहे. देवबागचा बाबाजी, वय बावन्न, हा बोटीबरोबर आलेलं सामान आहे.

काम काय ते ऐक. तुझ्या पलीकडच्या बेटावर रिसॉर्ट होतंय. तिथे मोठ्या लोकांच्या यॉट जायच्या आहेत, पण मधला समुद्र कमरेएवढा. म्हणून आठ किलोमीटर लांब चर खणायचा. चर जातो तिथे पाण्याखाली गवताचं कुरण आहे, आणि त्यावर डुगाँग चरतात. इथले अरब 'बगर अल बहर' म्हणतात, समुद्रातली गाय. चावत नाही, शिंग नाही, ओरडतही नाही. जाळ्यात अडकून बुडते, बोटीच्या पंख्याखाली कापली जाते, आणि आता तिचं जेवणाचं ताट उचलायचं ठरलंय. कायदा तिच्या बाजूने आहे. म्हणून तर आमची कंपनी जन्माला आली. आम्ही पर्यावरणाचे सल्लागार. खणणाऱ्याने आम्हाला नेमायचं, आणि खणलं तर काय बिघडेल ते आम्ही खणणाऱ्याला सांगायचं. नवऱ्या मुलाची चौकशी त्याच्याच सख्ख्या मामाकडे करावी, तसं हे शास्त्र.

तुझ्याबरोबर एक गोरा शास्त्रज्ञ असेल. रोज सरळ रेषेत बोट चालवायची, गाई दिसतील तशा तक्त्यात भरायच्या. मोठ्यांचा एक रकाना, पिल्लांचा एक. साहेबाची सही झाली की तक्ता माझ्याकडे. मी कागदपत्रांचा प्रमुख, म्हणजे शिक्के आणि स्टेपलर यांचा मालक.

वीणाने लिंबाचं लोणचं दिलंय. खैरुद्दीनने वाटेत उघडलं नाही ना, पाहा.

हेमू


बेटावरून
२ नोव्हेंबर २०००

हेमू,

पत्र टोमॅटोच्या खोक्यात तळाशी होतं. अर्धं लाल झालंय, पण तुझी जीभ ओळखू आली. लोणच्याची बरणी अर्धी आहे. खैरुद्दीन म्हणतो, रस्ता खराब आहे.

साहेब भला माणूस, पण त्याला समुद्र लागतो. पहिल्या दिवशी बोटीत आडवा झाला तो आडवाच. "बाबाजी, यू काउंट," म्हणतो आणि टोपी तोंडावर ओढतो. संध्याकाळी जमिनीवर आला की सही करतो. म्हणजे तक्ता मीच भरतो. सातवी पास झालो तेव्हा आपले मास्तर म्हणाले होते, याचा कुणालाच उपयोग नाही. त्यांना कळव.

गाई पाहिल्या रे. आधी नुसत्या नाकपुड्या वर येतात, फुस्स असा श्वास, मग पाठ, मग शेपूट, मग जसं काही नव्हतंच. गवत मुळासकट उपटतात, तळाला कोळप्याने ओढल्यासारख्या वाटा दिसतात. पहिली दिसली तेव्हा मी इंजिन बंद करून हात जोडले. साहेबाने टोपीखालून विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?" मी म्हटलं, "नथिंग. फॅमिली."

एकीच्या शेपटीला डावीकडे खाच आहे, कोयत्याने घेतल्यासारखी. पंखा लागला असणार. तरी बोटीजवळ येते, अक्कल नाही. रोज त्याच जागी, पाण्यावर तरंगणाऱ्या जुन्या लाल बोयाजवळ. ती एकटी नसते. पुढचं लिहीत नाही. तू सगुणामावशीचा मुलगा, समजून घेशील.

बाबाजी


अबुधाबी
१८ जानेवारी २००१

दादा,

तुझ्या खाचवालीला आणि तिच्या यारालाही माझा सलाम. समजून घेतलं! पन्नाशी उलटल्यावर बेटावर एकटा बसून तू गाईंची प्रेमप्रकरणं पाहतोस आणि वर लाजतोस, हे वीणाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भावोजींना लवकर घरी पाठवा."

इकडे तू हिरो झालास, नाव कुणाला माहीत नसलं तरी. तुझे एक्केचाळीस तक्ते मिळून अहवाल तयार झाला. मोठी जनावरं एकतीस, पिल्लं शून्य. प्रोजेक्ट मॅनेजर अरुण, आमचा पुण्याचा, टायला गाठ मारतानासुद्धा इंग्रजीत विचार करणारा, शून्य पाहून खुर्चीतून उठला. "हेमचंद्र, धिस इज गोल्ड!" मी आयुष्यात प्रथमच शून्याला सोनं म्हणताना ऐकलं. कारण असं की, जनावरं नुसती चरून जात असतील तर कुरणातून चर खणायला परवानगी मिळते. पिल्लं वाढवत असतील तर नाही, चर वळसा घालून न्यावा लागतो. पिल्लं नाहीत, म्हणजे हा त्यांचा संसार नव्हे, खानावळ. खानावळ कुठेही उघडते, असं अरुणने इंग्रजीत सहा पानं लिहिलंय.

परवा हॉटेलात समारंभ झाला. मधोमध बर्फाची डुगाँग, सहा फुटी, तिच्या कुशीत बर्फाचं पिल्लू. जे जनावर इथे पिल्लं घालत नाही असं आम्ही छापलं, त्याचं पिल्लू आम्हीच ऑर्डर देऊन बनवलं. कुणालाही हसू आलं नाही. भोवती कोळंबी मांडली होती. शाळांच्या चित्रस्पर्धेत आपल्या अस्मीला दुसरं बक्षीस. विषय : 'आमची मैत्रीण डुगाँग'. बक्षीस दिलं खणणाऱ्या कंपनीने. अस्मी बर्फापुढे उभी राहून म्हणते, "बाबा, व्हाय इज द बेबी मेल्टिंग फर्स्ट?" वीणा म्हणाली, "लहान आहे ना ते." बाई बर्फाबद्दल बोलत होती.

ड्रेजर, म्हणजे तळ खणणारं जहाज, फेब्रुवारीच्या मध्यावर येतोय. सुरुवात तुझ्या लाल बोयापासून. खाचवालीला सांग, सामान बांध.

हेमू


बेटावरून
२७ जानेवारी २००१

हेमचंद्र,

शून्य कुणी लिहिलं?

मी एकाही तक्त्यात शून्य लिहिलेलं नाही. पिल्लांचा रकाना मी कोरा सोडला होता. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वेळा. मूळ कागद काढून बघ.

यार म्हणे. अरे मेल्या, तिच्याबरोबर पिल्लू आहे. आईच्या पाठीवर बसल्यासारखं पोहतं, ती श्वासाला वर आली की तेही येतं. एकाच पिल्लाची गोष्ट नाही. पण पिल्लं मोजतात का? आपल्या घरात कुणी मोजली? गोठ्यात वासरं किती म्हणून मी विचारलं तर तुझ्या आईने पळीने मारलं होतं. दृष्ट लागते. खानेसुमारीचा मास्तर दारात आला, "मुलं किती?" तर मावशी म्हणाली, "देवाची कृपा आहे." त्याने तीनदा विचारलं, तिने तीनदा तेच सांगितलं. शेवटी अंगणात दिसली तेवढी लिहून गेला. चार. तुम्ही होता सहा. तू आणि शरी मागे आंब्यावर. तू सरकारी कागदावर नव्हतास, म्हणून जन्मला नव्हतास का?

मला वाटलं, कोरा रकाना बघून तुला कळेल. दुसऱ्या कुणाला नाही तरी तुला.

बाबाजी


अबुधाबी
३ फेब्रुवारी २००१

दादा,

मूळ कागद काढून पाहिले. कोरे आहेत. मान्य.

पण मला शिव्या घालण्याआधी जरा आरशात बघ. एकविसाव्या शतकात, जीपीएस हातात धरून, उपग्रहाला विचारून जागा लिहितोस, आणि पुढच्याच रकान्यात दृष्ट! हा जगातला पहिला शास्त्रीय सर्व्हे, जो माझ्या आईच्या पळीला घाबरून झाला. अरुणसमोर जाऊन मी काय सांगू? की सर, पिल्लं आहेत, पण आमच्यात मोजत नाहीत? तो मला लिफ्टपर्यंत सोडायला येईल.

शून्याचं म्हणशील तर कॉम्प्युटर रिकामा रकाना घेत नाही. आपोआप शून्य घालतो. यंत्र आहे, त्याला मावशी नाही.

आता उपाय एकच. नवा तक्ता भर. पिल्लं मोज, आकडा लिही, साहेबाची सही घे. त्याशिवाय या गोष्टीला कागदात जागा नाही, आणि जी गोष्ट कागदात नाही ती समुद्रात नाही, असा इथला नियम आहे. नाहीतर ड्रेजर आला की खलास. आई वर जाऊन वीस वर्षं झाली, ती आता मारायला येणार नाही.

सोबत रिकामे तक्ते आणि पेन. मोज.

हेमू


बेटावरून
२२ फेब्रुवारी २००१

हेमू,

ड्रेजर आला. चाचणी म्हणून चार दिवस खणलं. पाणी ताकासारखं झालंय, तळ दिसत नाही. गढूळ पसरू नये म्हणून तुमच्या कंपनीने पाण्यात मोठा पडदा सोडलाय, वर तरंगे, खाली दोर. त्यावर तुमचं हिरवं पान छापलंय. पर्यावरणाचं.

सोमवारी सकाळी त्या दोरात एक सापडलं. दोर मानेला आणि पंखाला. श्वासाला वर येता आलं नसणार. माझ्या दोन हातांएवढं. ओढून वाळूवर आणलं. अंगावर लव होती रे, वासराला असते तशी.

मेलेलं मोजायला हरकत नाही. एक.

कुणाचं ते ठाऊक नाही. शेपटीला खाच असलेली त्या दिवसापासून दिसलेली नाही.

साहेब वाळूवर त्याच्याजवळ बसून राहिला. ऊन वर आलं तरी उठेना. मग म्हणाला, "गिव्ह मी द फॉर्म." दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. तो बोटीच्या टोकाला उभा, मधे मधे ओकत होता, पण बसला नाही. आठही किलोमीटर फिरलो. मी मोजली. तोंडाने नाही, दोरीला गाठी मारून. प्रत्येक गाठीला मावशीची माफी मागितली. मग गाठी बघून आकडा लिहिला. साहेबाने सही केली, आणि पूर्वीच्या तक्त्यांवर आपण न बघता सही केली होती, असंही स्वतःच्या हाताने खाली लिहिलं.

तक्ता सोबत आहे. नऊ. जिवंत.

मी माझं केलं. आता दृष्ट लागली तर ती माझ्या आकड्याने लागेल की तुमच्या शून्याने, ते देवालाच विचार.

बाबाजी


अबुधाबी
२० मार्च २००१

दादा,

हे पत्र घरून लिहितोय. ऑफिसचा कागद आता मिळत नाही.

आधी एक गोष्ट. कॉम्प्युटरने शून्य घातलं हे खोटं. रिकामा रकाना दिसला की तो विचारतो, 'कोरा ठेवायचा का?' हो म्हणायला एक बटण, शून्याला एक बटण. दोन्हीला कष्ट सारखेच. पण कोरं दिसलं की अरुण प्रश्न विचारतो, शून्य दिसलं की विचारत नाही. म्हणून मी शून्य दाबलं. एक्केचाळीस तक्ते, एक्केचाळीस शून्यं, चहा गार व्हायच्या आत. तू मोजलंस की दृष्ट लागेल म्हणून घाबरलास. मी कोरं राहिलं की लागेल म्हणून. तुझ्या भीतीला निदान एक पळी तरी होती. जगभरच्या मूर्खांवर हसत मी अकरा वर्षं या टेबलाशी बसलोय, आणि त्यातला सगळ्यात मोठा रोज सकाळी माझ्याच खुर्चीत येऊन बसत होता.

तुझा तक्ता अरुणला दाखवला. दार लावून घेतलं त्याने आणि मराठीत बोलायला लागला, तेव्हाच समजलो. "हेमचंद्र, अहवाल गेलाय रे. परवानगी आलीय. आता नऊ म्हणजे काय? पुढच्या वर्षीच्या सर्व्हेत घालू की. इन्शाल्ला."

"पुढच्या वर्षी नऊ नसतील, सर."

"मग तर प्रश्नच मिटला!" म्हणाला आणि खरंच हसला. मनाने वाईट नाही तो. त्याला फक्त मिटलेले प्रश्न आवडतात.

त्याने तक्ता खणात ठेवला. विसरला एवढंच, की प्रत मी आधीच काढली होती, आणि शिक्के माझ्याकडे असतात. आमच्याकडे नियम असा : कागद बदलला की जुन्यावर 'रद्द' शिक्का मारून नवं पान यादीतल्या सगळ्यांना पाठवायचं. यादीत अकरा पत्ते. अकरावा परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याचा. अकरा पाकिटं केली, तुझ्या मावशीच्या मुलाने शून्यावर अकरा वेळा शिक्का मारला, आणि खैरुद्दीन यल्ला यल्ला करत दुपारच्या जेवणाआधी सगळी पोचवून आला. नियमाबाहेर एक टाचणीही नाही. अकरा वर्षांत कंपनीने माझ्या शिस्तीची तारीफ केली नव्हती. या वेळीही केली नाही.

तिसऱ्या दिवशी पत्र हातात. व्हिसा रद्द. तीस दिवसांत देश सोडायचा. त्या पत्रालाही मीच जावक नंबर दिला, दुसऱ्या कुणाला येत नाही.

घरी सांगितलं. वीणा म्हणाली, "बरं. पडदे काढायला घेते," आणि खरंच स्टुलावर चढली. रात्रीच्या जेवणापर्यंत सगळे उतरवून घड्या घातल्या. मग म्हणाली, "नऊ ना? दहावं गेलं, तेव्हा शून्य तुमचंच होतं. लक्षात ठेवा." ठेवलंय.

अस्मीने विचारलं, "यू गॉट फायर्ड फॉर अ काऊ?" मी म्हटलं, "गाईसाठी नाही. तिच्या मुलांसाठी." ती उठली आणि बक्षिसाची ट्रॉफी कचऱ्यात टाकून आली. वीणाने ती परत काढली, फुलदाणी होईल म्हणून. आमच्या घरात बंडाचं आयुष्य एवढंच.

अकरा पाकिटांचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. कुणाचा फोन नाही. तुलाही काढतील. मला माफ कर असं लिहिणार होतो, पण ते कुठल्या रकान्यात बसतं कळेना.

दहा एप्रिलला निघतो. पुढचं पत्र देवबागला.

हेमू


बेटावरून
२९ मे २००१

हेमू,

पत्र खैरुद्दीन गावी जाताना मुंबईला पेटीत टाकेल. म्हणजे मिळालं तर मिळालं.

मला काढलेलं नाही. काढायला गेले होते. अरुणसाहेबाने वायरलेसवर हुकूम सोडला, त्या बाबाजीला उद्याच्या बोटीने पाठवा. मग कळलं की बाबाजी नावाचा माणूस कंपनीत नाहीच. बोट आहे, नग एक, चालकासह. बोटीचा करार पुढच्या वर्षापर्यंत. बोट पाठवली तर नुकसानभरपाई. तेव्हा मी आहे. तुझ्या टायपिंगचा मला हा एक फायदा.

एप्रिलमध्ये सरकारची माणसं आली. तिघे, एक बाई त्यात. कुणाशी जास्त बोलली नाहीत. दोन दिवस माझ्या बोटीतून फिरली. गोरा साहेब बरोबर आला, त्याने आता समुद्र लागायच्या गोळ्या आणल्यात. बाईने मला विचारलं, मोजलं कुणी? मी दोरी दाखवली. तिने गाठी बोटाने चाचपून पाहिल्या आणि दोरीचा फोटो काढला. हसली नाही.

चाचणीनंतर नुसता उभा असलेला ड्रेजर गेल्या आठवड्यात हलला. चर आता दक्षिणेकडून वळसा घेऊन जाणार, कुरण सोडून. यॉटवाल्यांना वीस मिनिटं जास्त लागतील म्हणे. कंपनीने नवं पुस्तक छापलंय, खोक्यातून आलं. त्यात लिहिलंय की डुगाँगच्या पिल्लांसाठी आम्ही चर स्वतःहून वळवला. अरुणसाहेबाचा फोटो आहे, टायसकट. तुझं नाव शोधलं, नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, तुला लहानपणापासून सवय आहे.

पडदा मी काढून टाकला. दोर कापून बोटीत घेतले. कुणी विचारलं तर वाऱ्याने गेला.

खाली गवत अजून उगवलेलं नाही, चार दिवस खणलं त्या जागेवर नुसती राख पडल्यासारखं आहे. बाकी कुरण आहे. पाणी निवळलं.

आणि काल दुपारी लाल बोयाजवळ इंजिन बंद करून भाकरी खात होतो. फुस्स झालं. पाठ वर आली, मग शेपूट, डावीकडे खाच. तीन महिन्यांनी. बोटीला घासून गेली, अक्कल अजून नाही.

संध्याकाळी तक्ता भरला. मोठी : एक. पुढचा रकाना मी कोरा सोडलाय.

या वेळी तू नीट वाच.

बाबाजी